नुसतं खेळवणं

मागच्या महिन्यात एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या नातवाला बोलायला शिकवणारी ती हॉस्पिटलातली मुलगी, ती नेमकं काय करते हो?" मी तोंड उघडायच्या आधी पलीकडच्या बाईंनी उत्तर देऊन टाकलं. "काय करायचंय? पोरांना खेळवते. चटईवर बसायचं, साबणाचे फुगे उडवायचे, गाडी फिरवायची. आता त्याला पण पैसे पडतात बघा!" सगळ्या हसल्या. कुंदा वाढायला आलेला मुलगासुद्धा हसला.

मला हसू आलं नाही. कारण तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोलले होते, आणि तेही त्या मुलीच्या तोंडावर.

म्हणून आधी माझाच हिशेब मांडते, मग दुसऱ्यांचा.

नातू दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाताला धरून फ्रिजपाशी न्यायचा, बोट दाखवायचा, 'अं अं' करायचा. सूनबाई म्हणाली, "आई, डॉक्टरांना दाखवूया का?" मी म्हणाले, "कशाला? याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता. आता बघ, गप्प करावं लागतं." एका आत्याबाईंनी वेखंड पाठवला. मधातून द्या म्हणाल्या. आमच्याकडे मध चालत नाही, म्हणून तुपात उगाळून जिभेला लावला. कुणी म्हणालं जीभ चिकटलीय, कुणी म्हणालं दृष्ट लागलीय, कुणी म्हणालं तीर्थक्षेत्रावर नेऊन आणा. ते सगळं केलं. राहिलं ते एकच, सूनबाईने पहिल्या दिवशी सांगितलं होतं ते. त्यात दहा महिने गेले. त्या दहा महिन्यांना दुसरं कोणी जबाबदार नाही. मी आहे.

काही मुलं उशिरा बोलतात आणि आपली आपण बोलतात, हे खरं. पण कोणतं मूल त्यातलं आणि कोणतं नाही, हे घरात बसून कुणालाच कळत नाही. वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि दोन वर्षांचं होईपर्यंत 'दूध दे', 'बाबा आले' असे दोन शब्द जोडणं, ही साधी खूण आहे. ती दिसली नाही तर दाखवून यावं. दाखवून काही निघालं नाही तर रिक्षाचे पैसे गेले म्हणायचं. न दाखवता काही निघालं, तर जे जातं ते परत मिळत नाही.

हॉस्पिटलात पहिल्यांदा कान तपासले. पोराला झोपवून, डोक्याला तारा लावून. ऐकू न येणारं मूल बोलणार कुठून, एवढी साधी गोष्ट आमच्या घरातल्या चार पदवीधरांना सुचली नव्हती. कान चांगले निघाले. मग वाचा-भाषा उपचाराच्या मॅडमनी तपासून पुढची आखणी करून दिली. मॅडम आठवड्यातून दोन दिवस यायच्या. बाकीचे दिवस त्यांची सहायक.

पंचविशीतली मुलगी, इथल्याच सीमेवरच्या खेड्यातली. बारावीनंतर 'हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच'चा एक वर्षाचा डिप्लोमा केलेला. तिची खोली म्हणजे एक्स-रेच्या मागचं जुनं सामान ठेवायचं कोठार. एक चटई, मुलाच्या उंचीला लावलेला आरसा, एक पत्र्याची पेटी. पोरं तिला अक्का म्हणायची.

पहिल्या दिवशी अक्काने साबणाच्या पाण्याची बाटली काढली. एकदा फुगे उडवले. पोरगं खुलून हसलं. तिने झाकण घट्ट लावलं, बाटली त्याच्यापुढे ठेवली आणि गप्प बसली. तो ओढायला लागला, उघडेना, रडायला लागला. माझा जीव वर-खाली. "अगं, उघड की ते! रडूलाय तो." ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काकू, थांबा की जरा. त्याच्या आधी तुम्हीच सगळं बोलूलाय. त्याला बोलायला जागाच ठेवत नाही तुम्ही."

घरात मला असं बोलायची कुणाची छाती नाही. मी फणकारून गप्प बसले. पोराने बाटलीकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं, आणि मग, पहिल्यांदाच, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तोंडातून 'उ' असं काहीतरी काढलं. तिने त्याच क्षणी "उघड! उघड!" म्हणत झाकण काढलं. फुगेच फुगे.

घरी निघताना मी तिला म्हणाले, "एवढंच? हे तर पोरांना नुसतं खेळवणं झालं." ती म्हणाली, "होय काकू, खेळवतेच की." आणि वहीत लिहायला लागली. ती वही पुढे मी पाहिली. अर्ध्या तासात पोराने किती वेळा तोंडाकडे बघितलं, किती वेळा आवाज काढला, किती वेळा मदतीने, किती वेळा आपण होऊन, सगळ्याच्या खुणा. मी बी.ए.ला निबंध लिहिले, पण तीस मिनिटं इतक्या बारकाईने कधी कुणाकडे पाहिलं नव्हतं.

आता त्या पंगतीतल्या बाईंना विचारते: खेळवणं म्हणजे काय, माहीत आहे? मूल काय बघतंय ते बघायचं आणि त्याच वस्तूचं नाव त्याच क्षणी घ्यायचं. आपल्याला शिकवायची ती वस्तू पुढे ढकलायची नाही. वस्तू आपल्या ओठांपाशी धरायची, म्हणजे मूल तोंडाची हालचाल बघेल. 'काय पाहिजे?' असं न विचारता 'केळं की बिस्कीट?' असं विचारायचं, म्हणजे उत्तराचा शब्द त्याच्या कानावर आधीच पडलेला असतो. ते 'गाडी' म्हणालं की आपण 'लाल गाडी' म्हणायचं. 'लाल गाडी' म्हणालं की 'लाल गाडी गेली'. एक पायरी वर, दोन नाही. चुकलं तर 'असं नाही रे' म्हणायचं नाही, बरोबर शब्द सहज परत म्हणायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे प्रश्न विचारून थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. मी करून पाहिलं. चारच्या पुढे मला कधी जाता आलं नाही. चारला मीच बोलून मोकळी.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, "अहो, पूर्वी हे सगळं घरातल्या आज्ज्याच करत होत्या." मी आज्जी आहे. मी नाही केलं. भरलेल्या वाड्यात, दहा पोरांच्या गोंगाटात बहुतेक मुलं बोलायला शिकली हे खरं. पण जी शिकली नाहीत त्यांचं काय झालं, तेही आठवा. प्रत्येक गावात एक 'मुका' असायचा. गुरांमागे जायचा, लग्नकार्यात पाणी भरायचा. त्यातल्या कितीजणांचे फक्त कान अधू होते, कितीजणांना फक्त अशी एखादी अक्का पाहिजे होती, कुणी मोजलं? आपल्या पाठशाळेत लहानपणी घोकलेले दहा प्राण आठवतात ना? त्यात वचनबल हा एक प्राण सांगितला आहे. मुंगीच्या प्राणाची काळजी घेणारे आम्ही, घरातल्या पोराचा एक प्राण अडकलाय तर म्हणतो, "बोलेल हो आपोआप."

आता दुसरी गोष्ट, आणि तिच्यावर मला जास्त राग आहे.

उपचार सुरू झाले त्याच सुमाराला बालवाडीच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, "घरात दोन-दोन भाषा बोलता, त्यानेच मुलाचा गोंधळ होतो. एकच ठेवा. इंग्लिश ठेवा, पुढे शाळेला उपयोग होईल." मुलगा घाबरला. दुसऱ्या दिवसापासून घरात हुकूम निघाला: मराठी बंद, कन्नड बंद.

काय झालं सांगू? घर गप्प झालं. सूनबाईचं इंग्रजी ऑफिसातलं, मुलाचं बँकेतलं, माझं तर विचारूच नका. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेली मी, नातवासमोर बसून "ईट, बेटा, ईट" म्हणत होते. आमच्या इंग्रजीत हुकमापलीकडे शब्दच नव्हते: कम, सिट, नो, डोन्ट. चिऊ-काऊ गेले, अडगुलं-मडगुलं गेलं. कडेवर घेऊन गच्चीवर चांदोबा दाखवताना जे आपोआप तोंडात येतं, ते सगळं गेलं. ज्या पोराला दुप्पट बोलणं ऐकायला हवं होतं, त्याच्या कानावर पूर्वीच्या निम्मंही पडेना.

दोन महिन्यांनी अक्काने विचारलं, "काकू, आज्जी-नातू आजकाल बोलत नाही होय?" मी कारण सांगितलं. ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. म्हणाली, "ज्या भाषेत तुम्हाला हसायला येतं आणि रागवायला येतं, त्या भाषेत बोला. दोन असतील तर दोन बोला. दोन भाषांनी कोणाची वाचा जात नाही." मॅडमनीही तेच सांगितलं आणि पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की या विषयातले जाणकारही हेच सांगत आलेत: घरात दोन भाषा असल्याने बोलणं अडत नाही, ज्यांचं मुळात अडलंय त्यांचंही त्याने बिघडत नाही, मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे.

मोजण्यावरून आठवलं. पहिल्या तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं: 'बा' असा आवाज काढतो, अर्थ नाही. मॅडम दूरच्या राज्यातल्या, फार चांगल्या, पण त्यांना ना मराठी येत होती ना कन्नड. आम्हालाही वाटायचं, 'बाबा' म्हणायला जातोय, अर्धंच येतंय. एकदा अक्काच्या खिडकीत मांजर आलं. पोराने हात पुढे केला आणि म्हणाला, "बा, बा." अक्का ताडकन उठली. "काकू, हा तर बोलूलाय! मांजराला बोलवूलाय!" कन्नडमध्ये 'बा' म्हणजे ये. आमच्याकडे भांड्याला येणारी बाई कन्नड बोलते, रोज दारातून त्याला "बा, बा" म्हणून हाक मारायची. पोराचा पहिला शब्द तिच्याकडून आला होता आणि कितीतरी महिने तो आमच्यासमोर बोलत होता. आम्हाला ऐकू येत नव्हतं. कान तपासायचे होते ते आमचे.

अक्काने वहीत लिहिलं: बा – ये. त्याच्या खाली पाणी, नीरु, दे. दोन भाषांतले चार शब्द. त्या दिवशी मी रिक्षात रडले.

आता मला सांगा, हे 'नुसतं खेळवणारीला' कळलं की नाही? दोन पदव्या घेऊन, दोन भाषांच्या घरात जन्म काढून आम्हाला का नाही कळलं?

आपण सीमाभागातली माणसं. १९५६ पासून आपल्या गावांत भाषेवरून मोर्चे निघाले, डोकी फुटली, खटले झाले. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, यावर आपण रात्र जागवतो. आणि घरातलं मूल बोलत नाही म्हटल्यावर तीच भाषा चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवतो! पाटीला भाषा पाहिजे आणि पोराला नको? मराठीवाल्यांनाही हेच विचारते, कन्नडवाल्यांनाही हेच विचारते. त्या एका चटईवर मी चार भाषा ऐकल्या. आमच्याआधी चिक्कोडीकडचं कन्नड पोरगं असायचं, आमच्यानंतर दखनी बोलणाऱ्या घरातली मुलगी, शनिवारी खानापूर भागातलं कोकणी बोलणारं मूल. अक्का प्रत्येकाशी त्याच्या घरची भाषा बोलायची. एखादी कमी यायची, तेव्हा आईकडून शब्द लिहून घ्यायची. सीमाप्रश्न तिने सोडवला नाही, पण तिच्या खोलीत तो शिरलाही नाही.

आमच्या परंपरेत सांगतात, समवसरणात तीर्थंकरांचा दिव्यध्वनी खिरतो तो अठरा महाभाषा आणि सातशे लघुभाषांत. प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळतो, पशुपक्ष्यांनाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी असे लेख कोरलेत. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना एका पायाशी तीन भाषा ठेवताना गोंधळ झाला नाही. ज्या धर्मात ऐकणाऱ्याच्या भाषेला एवढा मान, त्या धर्मातल्या घरात तीन वर्षांच्या ऐकणाऱ्याला आपली भाषा मिळू नये?

चित्रांचं तर वेगळंच. पेटीत तपासणीची छापील कार्डं होती. बर्फाचा माणूस, पाव भाजायचं यंत्र, अंडं, गाजर. पोराला एकही सांगता येईना. कागदावर फुल्या पडल्या. मी म्हणाले, "अगं, आमच्या घरात अंडं येत नाही, चातुर्मासात कंदमूळ येत नाही. त्याने बघितलंय कुठे?" अक्काने जीभ चावली. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या हाताने कार्डं केली: दोडका, पडवळ, ताकाची रवी, लाटणं, पितळी वाटी, सायकल, म्हैस. पोराने म्हशीला बरोबर 'म्ह' म्हटलं. त्याचं ज्ञान वाढलं नव्हतं, प्रश्न ताळ्यावर आले होते. त्या कार्डांचा पुठ्ठा आणि रंग तिने स्वतःच्या पैशांनी आणले होते. हॉस्पिटलात त्यासाठी रकाना नव्हता.

रकाना तिच्यासाठीही नव्हता. ती करारावर होती. अकरा महिने झाले की एक दिवस काढून टाकायचं आणि परत घ्यायचं, म्हणजे कायम करायला नको. पगार तिने मला एकदा सांगितला, तिसऱ्यांदा विचारल्यावर. आमच्याकडे भांड्याला येणारी बाई चार घरांत मिळून जवळजवळ तेवढेच मिळवते, आणि तिलाही ते कमीच पडतात. मागच्या वर्षी करार संपला तो परत झालाच नाही. आम्ही सोमवारी गेलो तर खोलीला कुलूप. पोरगं दाराला हात लावून "अक्का बा, अक्का बा" म्हणत उभं राहिलं. तीन आठवडे ते त्या मजल्यावर यायलाच तयार नव्हतं आणि घरात पुन्हा 'अं अं' सुरू झालं.

कुणी म्हणेल, दुसरी मिळेल की. मिळेल. पण पोराचा एकेक शब्द कुठून आला हे जिला ठाऊक होतं, ती गेली. तिची वहीसुद्धा कपाटात बंद.

एक मात्र स्पष्ट करते, नाहीतर हॉस्पिटलवाले माझ्याच बोलण्याचा फायदा घ्यायचे. सहायक म्हणजे उपचारतज्ज्ञ नव्हे. निदान करणं, आखणी करणं हे पूर्ण पदवी घेतलेल्या आणि पुनर्वास परिषदेत नोंद असलेल्या माणसाचं काम. १९९२ चा त्यासाठी कायदा आहे. अक्का स्वतःच म्हणायची, "ते मॅडमना विचारा, मला नाही सांगता येणार." स्वस्तात पडते म्हणून तिलाच मॅडमच्या खुर्चीत बसवणं हा मुलावरही अन्याय आणि तिच्यावरही. दोघीही पाहिजेत. मॅडमशिवाय दिशा नाही आणि अक्काशिवाय चाल नाही.

पैसे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. आपल्या समाजात तो विचारू नये. पंचकल्याणकात पहिल्या कलशाची बोली किती लाखांना जाते ते आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवत ऐकलंय. माझा त्याला विरोध नाही, माझ्या घरानेही बोली बोलली आहे. औषधदानही आपण करतो. हॉस्पिटलात जाऊन बघा, यंत्रांवर, पलंगांवर, पाण्याच्या कूलरवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावाच्या पाट्या आहेत. पण माणसाच्या पगारावर पाटी लावता येत नाही, म्हणून पगाराला दान मिळत नाही. कलशाच्या बोलीत आपण मोठे, पोराच्या बोलीत हात आखडते. दोन वर्षांच्या पगाराची हमी एखाद्या घराने घ्यावी आणि पाटी लावू नये. आहे कुणी?

आणि सगळं दानावर ढकलून सरकारला मोकळं सोडायचं कारण नाही. लहान मुलांमधले असे दोष लवकर शोधण्यासाठी २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम निघाला, जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्रं आली. दोष शोधायचे आणि शोधल्यावर पोराला कुलपाच्या दारात उभं करायचं, याला काय म्हणावं?

नातू आता साडेपाच वर्षांचा आहे. चमत्कार झालेला नाही. 'क'च्या जागी अजून 'त' येतो, मला "ताय तरतेस?" म्हणतो. पण विचारतो! दिवसभर विचारतो. मी आता चारच्या पुढे मोजायला शिकलेय. सातपर्यंत जाते.

पंगतीतल्या त्या बाईंना मी एवढंच म्हणाले, "होय, खेळवते. उद्या सकाळी तुमच्या नातीला घेऊन अर्धा तास चटईवर बसा आणि एकही प्रश्न न विचारता, एकही उत्तर तिच्या तोंडात न घालता खेळवून दाखवा." त्या म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेता बाई." घेते. घ्यायला हवं होतं त्यापेक्षा दहा महिने उशिराच घेतलं.

ती जागा भरावी म्हणून आम्ही पालकांनी अर्ज केलाय. एका बाजूला मी मराठीत लिहिलाय, पाठीमागे चिक्कोडीच्या त्या पोराच्या आईने कन्नडमध्ये. एकच कागद. एकतीस सह्या आणि अकरा अंगठे झालेत. उत्तर अजून आलेलं नाही. अर्ज माझ्याकडे आहे, अजून जागा शिल्लक आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी यावं. कोणत्याही भाषेत केलेली चालेल.